डिप्रेशनच्या गोळ्यांनी रडणं थांबलं, पण कशातच मजा वाटेना

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज नको व्हायला. डिप्रेशनच्या गोळ्यांनी मला वाचवलंय. मी आजही गोळी घेते. त्यामुळे हे वाचून कुणी आपल्या गोळ्या परस्पर बंद करणार असेल तर प्लीज तसं करू नका, मला नेमकं त्याच्या उलट सांगायचंय. गोळ्यांनी दुःख कमी झालं पण आनंदही सोबत गेला असं होऊ शकतं, ते खूप जणांना होतं, आणि त्यावर करण्यासारखं बरंच असतं, फक्त ते नीट शब्दांत डॉक्टरांपर्यंत पोचायला लागतं. माझ्या बाबतीत ते पोचायलाच फार वेळ गेला, म्हणून हे सगळं लिहितेय.

माझं हे डिप्रेशन दुसरं. पहिलं बऱ्याच वर्षांपूर्वी येऊन गेलं होतं. या वेळी पहाटे चारला जाग यायची आणि डोळे उघडायच्या आधीच छातीवर काहीतरी बसलेलं असायचं. रडू यायचं, कारण नसताना यायचं, ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. आपण सगळ्यांना ओझं झालोय, मुलीला माझ्यापेक्षा चांगली आई मिळायला हवी होती, असले विचार दिवसभर चालू. कशात मजा तर तेव्हाही वाटत नव्हतीच, पण त्या वेळी ती गोष्ट जाणवायला डोक्यात जागाच नव्हती, दुखणंच इतकं होतं.

एस्सिटालोप्राम नावाची गोळी सुरू झाली, आधी १० मिलिग्रॅम, मग काही आठवड्यांनी २०. सुरुवातीला मळमळ, जांभया, थोडी अस्वस्थता, हे सगळं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. मग झोप सुधारली. पहाटेची जाग बंद झाली. ते ओझंबिझं म्हणणारा आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि एक दिवस लक्षात आलं की तो नाहीच आहे. घरातल्यांना तर हायसं झालं. माझा भाऊ फोनवर म्हणाला, ताई तुझा आवाज पहिल्यासारखा वाटतोय. आणि खरंच तसं होतं, मी उठत होते, आंघोळ करत होते, ऑफिसात जात होते, मुलीचा अभ्यास घेत होते, सगळं वेळेवर.

फक्त मला काहीच वाटत नव्हतं.

आता हे "काहीच वाटत नाही" म्हणजे नेमकं काय ते सांगायचा प्रयत्न करते, कारण ज्याला झालं नाही त्याला ते उदास असणंच वाटतं आणि ते तसं नाहीये. मुलगी सायकल शिकत होती. कितीतरी दिवस तिचा बाबा मागून सीट धरून पळायचा, आणि एका संध्याकाळी त्याने हात सोडला आणि तिला कळलंच नाही, ती तशीच पुढे गेली, मग मागे वळून बघितलं आणि ओरडली, "आई बघ, बघ ना, कुणी धरलं नाहीये!" हँडल लटलट हलतंय, तोंड आ वासलेलं, केस डोळ्यांवर आलेत. मी टाळ्या वाजवल्या. हसले. पण हसायचं हे मला ठरवावं लागलं, म्हणजे आता ओठ ताणायचे, आता भुवया वर करायच्या, आवाज जरा चढवायचा, असं एकेक. आत काहीही हललं नाही. मला माहीत होतं की हा क्षण आनंदाचा आहे, जसं आपल्याला एखाद्या देशाची राजधानी माहीत असते तसं फक्त माहीत होतं. नवऱ्याने व्हिडिओ काढला होता, तो मी रात्री अंथरुणात पडून परत परत बघितला, की आता तरी काही होईल. नाही झालं. आणि त्याचं वाईटही वाटलं नाही, हे जास्त भयंकर होतं.

बॅडमिंटन मी कॉलेजपासून खेळते. शटल रॅकेटच्या बरोब्बर मधे बसलं की एक आवाज येतो, आणि तो आवाज आला की मला मनगटापासून खांद्यापर्यंत छान वाटायचं, त्यासाठीच खेळायचे खरं तर. गोळ्यांवर असताना तो आवाज यायचा, पॉइंट मिळायचा, आणि तेवढंच. जिंकले काय हरले काय. रहस्यकथा वाचायचं मला वेड आहे, तर चाळीसेक पानं वाचायचे आणि पुस्तक खाली ठेवायचे आणि खून कुणी केला हे जाणून घ्यावंसं वाटायचंच नाही. शाळेतल्या माझ्या अत्यंत लाडक्या बाई गेल्या तेव्हा बातमी ऐकून मी "अरेरे" म्हणाले आणि पाच मिनिटांत ऑफिसचा मेल लिहायला बसले. डोळ्यांत पाणी नाही. ज्या बाईंनी मला वाचायला शिकवलं त्यांच्यासाठी.

नवऱ्याने एकदा विचारलं, "अगं तू आता भांडत पण नाहीस, तुला राग येत नाही का माझा?" मी म्हणाले, नाही येत. तो गप्प बसला. बाहेरून बघणाऱ्याला ही शांत, समजूतदार बाई वाटत होती, त्याला मात्र कळलं होतं की घरात बायको नाहीये.

आणि शरीरसंबंधांबद्दलही सांगते, कारण हे कुणी बोलत नाही आणि बायका तर अजिबात नाही. इच्छा गेली होती, पण नुसती इच्छा गेली असं नाही, स्पर्शच बधिर झाला होता. हातमोजे घालून कशालाही हात लावावा तसं. या प्रकारच्या गोळ्यांचा, म्हणजे एसएसआरआय म्हणतात त्या सगळ्यांचाच, हा बऱ्यापैकी नेहमीचा साइड इफेक्ट आहे. क्वचित काही जणांत गोळी थांबवल्यावरही तो राहू शकतो, २०१९ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी तशी सूचना औषधाच्या माहितीपत्रकात घालायला सांगितली. मला हे सुरुवातीला कुणी सांगितलं असतं तर मी गोळी घेतली नसती असं नाही, घेतलीच असती, पण आपल्यालाच काहीतरी झालंय असं समजून इतके महिने काढले नसते.

तेव्हाच्या डॉक्टरांकडे मी हे सांगायचा प्रयत्न केला होता. तिथे दर वेळी तो पीएचक्यू-९ नावाचा फॉर्म भरून घ्यायचे, नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क, एकूण २७ पैकी, जितके मार्क जास्त तितकं डिप्रेशन जास्त. पहिल्यांदा माझे १९ आले होते, आता ६ आले. डॉक्टर खूश. रडणं थांबलं ना, झोप लागते ना, कामावर जाता ना, मग छान चाललंय, डोस हाच ठेवू. पण त्या सहातले तीन एकाच प्रश्नाचे होते! पहिलाच प्रश्न, कामात रस किंवा आनंद न वाटणे, त्यापुढे मी "जवळजवळ रोज" वर खूण केली होती. बाकी सगळं उतरलं होतं आणि ते एक तसंच्या तसं होतं, आणि बेरजेत ते दिसतच नव्हतं. मला स्वतःलाही ते दाखवून द्यावंसं वाटलं नाही, कारण आग्रह धरायला पण आतून काहीतरी वाटावं लागतं ना. शिवाय असंही मनात यायचं की अजून किती मागायचं, इतकी बरी झालेस तर गप गुमान राहा की.

हे ऐकून घेणाऱ्या डॉक्टर मॅडम मला नंतर भेटल्या. (नवऱ्याने शोधल्या, तो नसता तर मी तशीच राहिले असते.) त्यांनी पहिल्याच भेटीत फॉर्मची बेरीज बघितली नाही, एकेक ओळ बघितली आणि त्या पहिल्या प्रश्नावर पेन ठेवून विचारलं, हे कधीपासून?

मग त्यांनी जे प्रश्न विचारले ते मला फार महत्त्वाचे वाटतात म्हणून जरा सविस्तर सांगते. मजा जाणं हे डिप्रेशनचं स्वतःचंच मुख्य लक्षण आहे. डिप्रेशन म्हणायला दोन मुख्य लक्षणांपैकी एक तरी लागतं, एक म्हणजे सतत उदास मन आणि दुसरं म्हणजे रस किंवा आनंद जाणं. डॉक्टर लोक त्याला ॲन्हेडोनिया म्हणतात. त्यामुळे गोळ्या चालू असताना मजा वाटत नसेल तर दोन शक्यता असतात, एकतर आजार अर्धाच बरा झालाय आणि हे त्याचं उरलेलं शेपूट आहे, नाहीतर गोळी भावना बोथट करतेय. आणि गंमत नाही पण अडचण अशी की दोन्हींचे उपाय उलटे पडू शकतात. आजार उरलाय म्हणून डोस वाढवला आणि खरं कारण गोळीच असेल तर माणूस अजून सपाट होणार. गोळीमुळे होतंय म्हणून डोस कमी केला आणि खरं कारण आजार असेल तर तो परत उसळणार.

म्हणून त्या खोदून खोदून विचारत होत्या. मजा जाणं गोळ्यांच्या आधी होतं का? होतं तर मधे कधी थोडी परत आली होती का? (आली होती! १० वर असताना काही दिवस बरे गेले होते, एकदा भावाशी फोनवर पोट दुखेपर्यंत हसले होते, ते मला त्यांनी विचारल्यावर आठवलं.) २० झाल्यावर काय झालं? फक्त आनंदच गेलाय की दुःख, राग, भीती, लाज हेही गेलंय? अपराधी वाटतं का? थकवा आहे का, जगणं नकोसं वाटतं का? आपल्या माणसांबद्दल काळजी वाटते का की तीही पुसट झालीये? नुसत्या डिप्रेशनमध्ये बहुतेक वेळा दुखणं शिल्लक असतं, आनंद गेला तरी अपराधीपण, निराशा ठसठसत राहते, आणि गोळीने बोथट झालं तर दोन्ही टोकं कापली जातात, असं त्या म्हणाल्या. पण लगेच हेही म्हणाल्या की प्रत्यक्षात हे इतकं स्वच्छ वेगळं निघत नाही, दोन्ही एकत्रही असतात. सोबत रक्ताच्या तपासण्या, थायरॉइड, बी १२, हिमोग्लोबिन, कारण त्यांच्या गडबडीनेही माणूस असा मरगळतो. माझं सगळं ठीक आलं.

त्यांनी मला सांगितलं की यावर अभ्यास झालेत आणि ऐकूनच मला बरं वाटलं, म्हणजे त्या अवस्थेत जितकं वाटू शकतं तितकं. २०१७ साली छापून आलेल्या एका सर्व्हेत गोळ्या घेणाऱ्या डिप्रेशनच्या ६६९ पेशंटना विचारलं होतं, त्यातल्या ४६ टक्क्यांनी भावना बोथट झाल्याचं सांगितलं. जवळजवळ निम्मे! मात्र त्याच सर्व्हेत हेही दिसलं की ज्यांना बोथटपणा जास्त त्यांच्यात डिप्रेशनची लक्षणंही जास्त शिल्लक होती, म्हणजे सगळा दोष गोळीवर टाकता येत नाही. आणि काहींना तो बोथटपणा हवाहवासाही वाटला, ते मला पटतं, आग विझल्यावर पहिले काही आठवडे मलाही ती शांतता हवीच होती.

मग केंब्रिजचा २०२३ चा अभ्यास, तो तर माझ्याच गोळीवरचा. त्यात ६६ निरोगी माणसं घेतली, म्हणजे डिप्रेशन नसलेली, काहींना एस्सिटालोप्राम २० मिलिग्रॅम दिलं आणि काहींना नुसती खोटी गोळी, किमान २१ दिवस. लक्ष, स्मरणशक्ती यांत फार फरक नाही दिसला, पण बक्षीस मिळालं की त्यावरून शिकून पुढचं वागणं बदलायचं, ही जी मेंदूची संवेदनशीलता असते ती खऱ्या गोळीवाल्यांत कमी झाली. हे कळल्यावर मला बॅडमिंटनचं कोडं उलगडलं. शॉट चांगला बसला हे मेंदूला कळत होतं पण त्याचं त्याला काही पडलेलं नव्हतं. हे होतं कसं, तर सेरोटोनिन आणि डोपामिन ही मेंदूत निरोप पोचवणारी रसायनं, त्यातलं सेरोटोनिन या गोळीने वाढलं की काही वाटांवर डोपामिनचं काम दबतं असा एक विचार आहे, मॅडमनी कागदावर बाण काढून समजावलं आणि वर म्हणाल्या की हे पूर्ण सिद्ध झालंय असं समजू नका.

त्या काळात माझ्या मनात सारखं येत होतं की सोडूनच द्यावी ती गोळी. त्यावर त्यांनी एकच सांगितलं, एकदम बंद केलीत तर चक्कर, चिडचिड, झोपेचा बोजवारा, डोक्यात विजेचे झटके असं काहीही होऊ शकतं, आणि मग ते गोळी सोडल्याचं आहे की आजार परत आलाय हे मलाही कळणार नाही आणि तुम्हालाही. मला हे पटलं. म्हणून हळूहळू, २० वरून १५, तिथे काही आठवडे थांबून मग १०. इतकं हळू करूनसुद्धा मान झटकन वळवली की डोक्यात बारीक करंट गेल्यासारखं व्हायचं, दोन-चार दिवस चालायचं आणि जायचं. शेवटच्या शेवटच्या पायऱ्या तर आणखी छोट्या ठेवाव्या लागतात म्हणे, कारण कमी डोसवर थोडा फरकसुद्धा मेंदूला मोठा पडतो.

रोज रात्री एका वहीत चार ओळी लिहायच्या होत्या. आज रडू आलं का, हसू आलं का, राग आला का, काही करावंसं वाटलं का. सुरुवातीची पानं बघवत नाहीत, नाही, नाही, नाही, नाही.

पहिल्यांदा काय परत आलं असेल? आनंद नाही. राग आला. मी तिसऱ्यांदा हाक मारूनही मुलीने टीव्ही बंद केला नाही आणि मी चक्क ओरडले, आणि ओरडताना मला आतून गरम वाटलं, आणि मी वहीत "राग: हो" असं लिहून त्याखाली रेघ मारली. नंतर नवऱ्याशी कपड्यांच्या कपाटावरून कडाक्याचं भांडण झालं, आणि भांडण संपल्यावर तो हसायला लागला. मग रडू आलं. एका जाहिरातीवर आधी, आणि मग एका रविवारी दुपारी माझ्या बाईंसाठी, त्यांना जाऊन कितीतरी महिने झाल्यावर. खूप रडले. घरचे घाबरले, भावाने तर लगेच फोन केला की ताई डोस परत वाढवायला सांग त्यांना. मॅडमना फोन केला तर त्यांनी विचारलं, रडून झाल्यावर कसं वाटलं? मोकळं वाटलं. झोप? ठीक. सकाळी उठवलं? उठले. मग राहू दे, म्हणाल्या, हे आजाराचं रडणं नाही. पण पहाटेची जाग आणि ते "मी ओझं आहे" सुरू झालं तर त्याच दिवशी कळवायचं, हे नवऱ्यालाही सांगून ठेवलं होतं त्यांनी.

१० वर आल्यावर बोथटपणा बराच उतरला पण मजा काही पूर्ण आली नाही. म्हणजे माझ्यात दोन्ही होतं, काही गोळीचं आणि काही आजाराचं. इथे मॅडमनी बुप्रोपिऑन नावाची दुसरी गोळी जोडली, सकाळी १५० मिलिग्रॅम. ते सेरोटोनिनवर नाही तर डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन नावाच्या तशाच आणखी एका रसायनावर काम करतं, आणि शरीरसंबंधांच्या तक्रारीही त्याने सहसा होत नाहीत. २०१७ च्या त्या सर्व्हेत ते घेणाऱ्यांत बोथटपणाचं प्रमाणही कमी होतं. त्याआधी त्यांनी विचारलं की कधी फिट आली होती का, डोक्याला मोठा मार लागलाय का, खाण्याचा काही आजार होता का, कारण या गोळीने फिट यायचा धोका वाढतो. तोंड कोरडं पडायचं आणि संध्याकाळी उशिरा घेतली तर झोप उडायची म्हणून सकाळीच. व्हॉर्टिऑक्सेटिन, ॲगोमेलाटिन हेही पर्याय होते, माझ्यासाठी हा निवडला, तुमच्यासाठी वेगळा निवडतील.

गोळ्यांइतकंच काम सायकॉलॉजिस्टकडे झालं, आणि खरं सांगायचं तर ते जास्त कष्टाचं होतं. त्यांनी मला एक गोष्ट दाखवली जी मी स्वतःहून कधीच पकडली नसती, की एखादी गोष्ट करावीशी वाटणं आणि ती करताना आवडणं ही मेंदूतली दोन वेगळी कामं आहेत. मला आधी त्यात काही तथ्य वाटलं नाही. मग त्यांनी एक तक्ता दिला, काहीही करायच्या आधी दहापैकी किती मजा येईल ते लिहायचं आणि झाल्यावर किती आली ते लिहायचं. बॅडमिंटनला जायच्या आधी लिहिलं १. आल्यावर ४. जुन्या मैत्रिणीला फोन करायच्या आधी ०, नंतर ५. पुन्हा पुन्हा हेच. म्हणजे आवडणं थोडं थोडं परत आलं होतं, पण ओढ नव्हती, आणि ओढ नाही म्हणून मी जातच नव्हते, आणि जात नाही म्हणून आवडायची संधीच मिळत नव्हती. तेव्हा ठरलं की वाटेल तेव्हा जायचं हे बंद, मंगळवार-शुक्रवार सहा वाजता बूट घालायचे, वाटो न वाटो. इतके छोटे तुकडे करून दिले होते की नाही म्हणायला लाज वाटावी, पहिल्या आठवड्यात फक्त कोर्टपर्यंत जाऊन दहा मिनिटं भिंतीवर शटल मारायचं.

आणि एक, करून आल्यावर त्यातला एक तुकडा डोळे मिटून त्यांना सांगायचा, तो आत्ता घडतोय असा, सगळ्या बारकाव्यांसकट. मी पायाच्या बोटांवर उभी आहे, फ्लोअरवर बुटांचा चर्र आवाज येतोय, पाठ घामाने ओली आहे, शटल वर जातंय, दिव्यासमोर ते दिसेनासं होतंय. पहिल्या काही वेळा मला हे अगदी कृत्रिम वाटलं. पण मजा आलेली असते ती आपण किती पटकन टाकून देतो हे त्यामुळे कळलं, मी तर ती नोंदवतच नव्हते.

असा एक दिवस वगैरे आला नाही की सगळं परत आलं. एका रात्री बारा वाजून गेले होते आणि मी रहस्यकथा वाचत बसले होते, नवरा म्हणाला दिवा बंद कर की, आणि मी म्हणाले थांब, शेवटची दोन प्रकरणं राहिलीयेत, मला कळायलाच हवं. आणि तो उठून बसला. "काय म्हणालीस?" वहीत त्या दिवशी "करावंसं वाटलं" समोर हो आहे. मुलीची नवीन नवीन वेडं असतात, तिने स्वतः शिवलेली एक वाकडीतिकडी बाहुली दाखवली तेव्हा मला चेहऱ्याला काही सांगावं लागलं नाही. शरीराचं मात्र सगळ्यात उशिरा, आणि अजूनही शंभर टक्के नाही, पण आता त्याबद्दल आम्ही दोघं बोलतो आणि मॅडमही दर भेटीत विचारतात.

भावाला मधे स्वतःला गोळी सुरू करायची वेळ आली, सर्ट्रालिन. त्याला मी सांगितलं की पहिली गोळी घ्यायच्या आधी बसून लिही, तुला कशाकशात मजा यायची, आता त्यातलं किती उरलंय, रडू येतं का, राग येतो का, शरीरसंबंध कसे आहेत. लाजू नको. नंतर काय बदललं हे सांगायला काहीतरी आधीचं हातात पाहिजे, मला सगळं आठवणीतून उकरावं लागलं. आणि फॉर्म भरलास की बेरजेवर समाधान मानू नको, पहिल्या प्रश्नाचे मार्क वेगळे वाचून दाखव डॉक्टरांना. तो म्हणाला, ताई हे सगळं आत्ताच कशाला, आधी बरा तर होऊ दे. मी म्हटलं, मजा येणं हे बरं होण्यातच येतं रे.

माझी आता १० आणि १५० चालू आहे. थांबवायचं कधी हा विषय निघतोच. पहिलं डिप्रेशन असेल तर बरं वाटल्यावरही निदान सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात, माझं दुसरं आहे म्हणून मॅडम त्याहून जास्त म्हणतात, आणि ते उगाच नाही. ब्रिटनमध्ये २०२१ ला आलेल्या एका ट्रायलमध्ये बरेच दिवस गोळ्या घेऊन बरं वाटणाऱ्या लोकांपैकी ज्यांची गोळी हळूहळू थांबवली त्यांच्यातल्या ५६ टक्क्यांना वर्षभरात डिप्रेशन परत आलं आणि ज्यांनी चालू ठेवली त्यांच्यातल्या ३९ टक्क्यांना. म्हणजे थांबवूनही चाळीसेक टक्के लोक ठीक राहिले, आणि चालू ठेवूनही बऱ्याच जणांना परत आलं. या आकड्यांकडे मी खूप वेळा बघते. ती पहाटेची चारची जाग मला परत नकोय, आणि तो सपाटपणाही नकोय. पुढच्या भेटीत मॅडमना विचारणार आहे की बुप्रोपिऑन तसंच ठेवून एस्सिटालोप्राम १० च्या खाली थोडंसं नेऊन बघता येईल का, आणि नेलं तर वहीत आणखी काय काय लिहायचं.